मासे मेले की विष शोधू नका, आधी पाणी बघा



होळी झाली की आपल्या सोलापूर जिल्ह्यात ऊन चढायला लागते. पाझर तलाव, गावतळी, शेततळी यांचे पाणी दिवसागणिक खाली जाते आणि रंग बदलते. आधी फिकट हिरवे, मग पोपटी, मग हिरवा ऑईलपेंट ओतल्यासारखे. वारा ज्या बाजूला वाहतो त्या काठावर दाट साय जमते. तिला कुजका वास येतो. आणि मग एखाद्या सकाळी तळ्यावर पांढरी पोटे वर करून मासे तरंगताना दिसतात. दोन-दोन किलोचे कटले, वर्षभर जपलेले.

पुढे काय होते ते तुम्हाला सांगायला नको. दिवस वर यायच्या आत गावात बातमी फिरते, “तळ्यात कुणीतरी औषध टाकलं.” गेल्या लिलावात कुणाला ठेका मिळाला नव्हता, बांधावरून कुणाचे कुणाशी वाजले होते, सगळे आठवायला लागते. नाव घेतले जाते. पोलीस पाटलांकडे गर्दी होते. मासे काठावर सडतात आणि भावकीत अबोला धरला जातो. वर्ष-दोन वर्षांनी तेच तळे पुन्हा हिरवे होते, पुन्हा मासे मरतात आणि पुन्हा कुणाचे तरी नाव पुढे येते.

माझे म्हणणे सरळ आहे. विष टाकण्याचे प्रकार होतात, नाही असे नाही. पण उन्हाळ्यात हिरव्यागार झालेल्या तळ्यात पहाटे मासे मेले, तर पहिला संशय शेवाळावर घ्यावा. आणि त्या शेवाळाला जेवू घालणारे हात आपल्या सगळ्यांचे असतात. गावचे सांडपाणी, शेतातून वाहून गेलेले खत, तळ्यात टाकलेले जादा शेण आणि जादा खाद्य. हे एकदा पटले तर भांडणे थांबतील आणि मासेही वाचतील.

हिरवे पाणी किती चांगले, किती वाईट?

मत्स्यशेतीत आपण ऐकत आलो, “पाणी हिरवं असलं की मासा पोसतो.” हे अर्धे खरे आहे. पाण्यातील बारीक वनस्पती म्हणजे माशाच्या जेवणाच्या साखळीतला पहिला दाणा. त्यावर पाण्यातले सूक्ष्म जीव वाढतात, त्या जीवांवर कटला वाढतो. चंदेरी मासा तर ही बारीक वनस्पती स्वतःच गाळून खातो. म्हणूनच तळ्यात शेणखत, सुपर फॉस्फेट, थोडा युरिया टाकायची शिफारस असते. पण शिफारशीचा आकडा हेक्टरी, वर्षाचा असतो. तो हप्त्याहप्त्याने आणि पाण्याचा रंग बघून द्यायचा असतो. पाणी आधीच हिरवे असताना ट्रॉलीभर शेण उलटणे म्हणजे पोट भरलेल्या माणसाला आणखी जेवायला बसवणे.

दुसरी गोष्ट, सगळे हिरवे सारखे नसते. साधे हिरवे शेवाळ वेगळे आणि नील-हरित शेवाळ वेगळे. भातशेतीच्या भागात नील-हरित शेवाळ खत म्हणून वापरतात, कारण त्यातल्या काही जाती हवेतला नत्र धरून ठेवतात. तेच कुळ उथळ, तापलेल्या, न हलणाऱ्या पाण्यात माजले की उपद्रवी होते. यातली मायक्रोसिस्टिस नावाची जात आपल्या देशातल्या तळ्यांत सर्रास सापडते. तिच्या पेशीत हवेच्या बारीक पिशव्या असतात, त्यामुळे ती वर तरंगते. वर आली की ऊन सगळे तिलाच. खाली सावली पडते, खालची चांगली वनस्पती मरते. माशालाही ती नीट पचत नाही. म्हणजे पाणी हिरवेगार आणि मासा उपाशी, अशी गत.

ओळखायची सोपी रीत सांगतो, पैशाचा खर्च नाही. दुपारच्या वेळी हात कोपरापर्यंत पाण्यात सरळ बुडवा. तळहात अंधुक दिसला तर पाणी ठीक आहे. पाणी जेमतेम मनगटाच्या वर आले आणि तळहात दिसेनासा झाला तर धोका आहे, खत आणि शेण त्याच दिवशी बंद. अगदी कोपरापर्यंत बुडवूनही तळहात स्वच्छ दिसला तर खताला वाव आहे. पाणी गाळाने गढूळ असेल तर मात्र ही रीत चालत नाही, हे लक्षात ठेवा.

रात्रीचा हिशोब

आता मासे पहाटेच का मरतात ते पाहू. दिवसा शेवाळ उन्हात अन्न बनवते आणि पाण्यात प्राणवायू सोडते. दुपारी तीनच्या सुमाराला हिरव्या तळ्यात प्राणवायूची चैन असते. पण सूर्य मावळला की कमाई बंद आणि खर्च चालू. रात्री शेवाळही श्वास घेते, मासाही घेतो, तळाचा कुजणारा गाळही घेतो. शेवाळ जितके दाट तितका रात्रीचा खर्च मोठा. पहाटे चार ते सहा ही वेळ म्हणजे तिजोरीचा तळ.

त्यात ऊन पाण्याची धारणशक्तीच कमी करते. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. आपल्या कटला-रोहू-मृगळांना निरोगी वाढीसाठी ५ मिलिग्रॅमच्या आसपास लागतो. ३ च्या खाली गेला की मासा बेचैन होतो, वर येऊन तोंड उघडझाप करतो. १ च्या खाली बराच वेळ राहिला की मरतो.

दिवस ढगाळ गेला तर दिवसाची कमाईच होत नाही. दोन-तीन दिवस आभाळ राहिले की दाट शेवाळ एकदम मरते, कुजते, आणि उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकते. वळवाच्या पावसाचेही तसेच. वरचे पाणी गार होऊन खाली बसते आणि तळचे प्राणवायू नसलेले पाणी वर येते. खोल शेततळ्यात हा प्रकार जास्त. म्हणून “काल पाऊस पडला, आज मासे मेले” असे होते. लोकांना वाटते, पावसाचा फायदा घेऊन रात्री कुणी काही टाकले. टाकले कुणी नाही, पाणी उलटले.

अजून एक छुपा शत्रू आहे, तो म्हणजे अमोनिया. माशाची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून तो तयार होतो. दाट शेवाळ दुपारी पाण्यातला कर्बवायू ओढून घेते, त्यामुळे पाण्याचा सामू ९ च्या वर जातो. सामू ७ असताना अमोनियाचा विषारी भाग शंभरात एकसुद्धा नसतो. सामू ८ ला तो पाचाच्या आसपास जातो, ९ ला पस्तीसच्या पुढे. म्हणजे अमोनिया तेवढाच, पण दुपारच्या हिरव्या पाण्यात तो कित्येक पटीने विषारी. अशा पाण्यात “चुना मारा, पाणी सुधारेल” म्हणून भर दुपारी चुना टाकणे म्हणजे सामू आणखी चढवणे. चुना चांगलाच आहे, पण तो तळे भरण्याआधी, तळ कोरडा असताना.

विष की शेवाळ, ओळखायचे कसे?

हा भाग पोलीस पाटील, सरपंच आणि मत्स्य सहकारी संस्थेच्या मंडळींनी कात्रण काढून ठेवावा.

प्राणवायू संपून मासे मरतात तेव्हा ते पहाटे मरतात. मरण्याआधी सगळे वर येऊन हवा गिळतात, ताजे पाणी जिथून येते तिथे गर्दी करतात. मोठे मासे आधी जातात, बोटुकली मागे राहते. कटला आधी मरतो, चिलापी तग धरते, आणि मरळ, मागूर जिवंत सापडतात, कारण ते वरची हवा घेऊ शकतात. ऊन वर आले की उरलेले मासे सावरतात. पाण्याचा रंग एक-दोन दिवसांत हिरव्याचा तपकिरी किंवा राखाडी झालेला असतो, वास येतो.

विषाने मरतात तेव्हा वेळकाळ नसतो. लहान मासे आधी किंवा सगळेच एकदम मरतात. मासे वेडेवाकडे पळतात, गिरक्या घेतात. मरळही मरते, पाण्यातले किडेही मरतात. पाण्याचा रंग मात्र कालचाच असतो. शेजारच्या रानात नुकतीच फवारणी झाली असेल, किंवा फवारणीचे पंप तळ्यात धुतले असतील, तर तसा संशय जरूर घ्या.

संशय असेल तर भांडू नका, नमुना घ्या. स्वच्छ बाटलीत काठोकाठ पाणी भरा, नुकतेच मेलेले दोन-चार मासे बर्फात ठेवा, वेळ आणि जागा लिहून ठेवा, आणि त्याच दिवशी तालुक्याच्या मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांना कळवा. मात्र प्राणवायू हा जागेवरच, पहाटेच मोजावा लागतो. दुपारी साहेब आले, यंत्र बुडवले आणि “प्राणवायू तर भरपूर आहे” असे निघाले, तर त्याचा अर्थ पहाटेही होता असा होत नाही. पंचनाम्यात मासे किती वाजता दिसले, पाण्याचा रंग काय होता, कोणत्या जाती मेल्या आणि कोणत्या जगल्या, एवढे चार शब्द जरी आले तरी निम्म्या तक्रारींचा निकाल तिथेच लागेल.

शेवाळाला जेवू घालतो कोण?

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात शास्त्रज्ञांनी १९७३ साली एक प्रयोग केला. डमरूच्या आकाराचे एक सरोवर घेतले आणि मधोमध प्लास्टिकच्या जाड पडद्याने त्याचे दोन भाग केले. एका भागात कर्ब आणि नत्र टाकले. दुसऱ्या भागात कर्ब, नत्र आणि शिवाय स्फुरद टाकले. स्फुरदाचा भाग नील-हरित शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा भाग स्वच्छ राहिला. विमानातून काढलेले त्याचे छायाचित्र जगभर गाजले. डेव्हिड शिंडलर यांच्या या प्रयोगाने दाखवून दिले की गोड्या पाण्यात शेवाळाच्या माजाची किल्ली बहुतेक वेळा स्फुरदाकडे असते. नत्र कमी पडला तर काही नील-हरित जाती तो हवेतून घेतात. स्फुरद हवेतून मिळत नाही, तो बाहेरूनच यावा लागतो. एक किलो स्फुरदावर काही शे किलो ओले शेवाळ पोसले जाऊ शकते.

आता हा स्फुरद आपल्या तळ्यात कुठून येतो ते मोजा. मोरीचे, गोठ्याचे, शौचालयाचे पाणी, कपडे-भांडी धुण्याची पावडर. उताराच्या रानात फेकून दिलेले डीएपी, जे पहिल्या जोरदार पावसात मातीबरोबर ओढ्यात उतरते. तळ्यात टाकलेले शेण आणि कोंबडीखत. आणि माशाचे खाद्य. आपण घातलेल्या खाद्यातल्या नत्र-स्फुरदाचा साधारण पाव ते तिसरा हिस्साच माशाच्या अंगी लागतो, बाकीचा पाण्यात राहतो. प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात तर तो जिरायलाही जागा नाही. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, त्यानंतर जिल्ह्यात शेततळी वाढली, त्यात मासे सोडण्याचा उत्साहही वाढला. उत्साह चांगला, पण डाळिंबासाठी साठवलेल्या पाण्यात मासे सोडले की ते तळे नुसती टाकी राहत नाही, गोठा होतो. गोठ्याचे शेण रोज काढावे लागते. तळ्याचे कोण काढतो?

मोठे उदाहरण बघायला लांब जायला नको. आपला उजनीचा यशवंतसागर. १९८० साली पूर्ण झालेले, सुमारे ११७ टीएमसी क्षमतेचे हे धरण पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या खालच्या अंगाला आहे. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांचे पाणी भीमेतून इथे येते आणि त्याबरोबर शहरांचे सांडपाणीही येते. उन्हाळ्यात उजनीचे पाणी हिरवे होते, वास मारते, हे आपण दरवर्षी बघतो. जाळ्यात आता कटला-रोहूपेक्षा चिलापी जास्त लागते. चिलापी वाढण्याला दुसरीही कारणे आहेत, पण कमी प्राणवायूच्या पाण्यात टिकणारा मासा मागे उरतो, हे त्यातले एक.

बाहेरच्या जगातही हेच. चीनमधल्या ताई सरोवरात २००७ साली मायक्रोसिस्टिस इतके माजले की वूशी शहरातल्या सुमारे २० लाख लोकांना नळाचे पाणी पिता येईना. समुद्रातही सुटका नाही. दक्षिण अमेरिकेतल्या चिलीत २०१६ साली समुद्रातल्या पिंजऱ्यांतले सुमारे ४० हजार टन सामन मासे शेवाळाच्या बहरात मेले. ती जात वेगळी होती, तिथे बहराचे मोठे कारण त्या वर्षीचे विलक्षण हवामान मानले गेले. पण धडा एकच. मासा पाण्यात कोंडून पाळला की पाणी बिघडल्यावर त्याला पळायला जागा नसते. नदीतला मासा वर-खाली सरकतो, तळ्यातला जागेवर मरतो.

प्रश्न फक्त माशांचा नाही

नील-हरित शेवाळाच्या काही जाती विष तयार करतात. १८७८ साली ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवरावर शेवाळाची साय आलेले पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, गुरे मेल्याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी शास्त्रीय नियतकालिकात केली होती. म्हणजे ही नवी गोष्ट नाही. १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यातून हे विष रक्तात जाऊन पन्नासहून जास्त रुग्ण दगावले. मायक्रोसिस्टिसचे विष यकृतावर घाला घालते. आणि मुख्य गोष्ट, ते पाणी उकळून जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात रोजच्या सेवनासाठी त्याची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, इतकी कमी ठेवली आहे.

म्हणून साय धरलेल्या काठावर जनावरे पाण्याला लावू नका. तिथे पोरांना पोहायला सोडू नका. पाणीपुरवठ्याची विहीर तळ्याच्या काठाला असेल तर ग्रामपंचायतीने पाण्याची तपासणी वेळेवर करून घ्यावी. मेलेला मासा खाऊ नका, विकू तर मुळीच नका. हिरव्या पाण्यातला जिवंत मासा खायचा तर आतडी आणि यकृत टाकून द्या, कारण विष तिथे जास्त साठते. अशा माशाला चिखलाचा वास येतो आणि बाजारात भाव पडतो, तोही शेवाळाचाच परिणाम. काही दिवस स्वच्छ पाण्यात ठेवला तर वास कमी होतो.

घाईचे उपाय आणि त्यांचे दुखणे

शेवाळ दिसले की पहिला सल्ला मिळतो, मोरचूद टाका. मोरचुदाने शेवाळ मरते हे खरे. पण एका दिवसात सगळे शेवाळ मारले तर ते सगळे एकदम कुजते, प्राणवायू संपतो आणि मासे त्यानेच मरतात. शेवाळ मरताना त्याच्या पोटातले विषही पाण्यात मोकळे होते. शिवाय तांबे गाळात साठत जाते, आणि स्फुरद तळ्यातच राहतो, म्हणजे पुढच्या महिन्यात पीक पुन्हा उभे. मत्स्य अधिकाऱ्यांच्या सल्ल्याशिवाय मोरचुदाला हात लावू नये.

मासे पहाटे वर येऊन हवा गिळताना दिसले तर हे करा. खाद्य, शेण, खत ताबडतोब बंद. उपशाचा पंप लावून तळ्याचेच वरच्या थरातले पाणी फवाऱ्यासारखे उंचावरून परत तळ्यात पाडा, तळचा गाळ मात्र ढवळू नका. पाण्याच्या धारेत हवा मिसळते. शक्य असेल तर विहिरीचे पाणीही असेच उंचावरून सोडा. जास्त मासे असतील तर मोठे काढून विका, मेलेले लगेच काढून लांब खड्ड्यात पुरा. साय काठावर जमली असेल तर ती झाऱ्याने किंवा कापडाने, हातमोजे घालून काढा आणि पाण्यात परत वाहून जाणार नाही अशा जागी टाका. मत्स्यशेती धंदा म्हणून करणाऱ्याने हवा मिसळणारे यंत्र घेतलेच पाहिजे, आणि ते दुपारी नव्हे, मध्यरात्रीनंतर चालवले पाहिजे. आता तुम्ही म्हणाल, रात्री लाईट कुठे असते? तक्रार खरी आहे. म्हणूनच मासे सोडतानाच हिशोब करा. ज्याच्याकडे रात्रीची वीज किंवा डिझेल पंप नाही, त्याने बोटुकली कमी सोडावी. कमी मासे सोडून जास्त हाती लागतात, हे गणित उलटे वाटले तरी खरे आहे.

शेतकऱ्याचे काम, पंचायतीचे काम

रानातले खत बंद करा असे मी म्हणत नाही. तसे म्हणणाऱ्याला तुम्ही बांधावर उभे करणार नाही आणि ते बरोबरच आहे. पण स्फुरदयुक्त खत फेकून देण्याऐवजी पाभरीने पेरून द्या. माती परीक्षण करून मग द्या. वाहून गेलेले डीएपी तुमच्या पिकाचे नाही आणि तुमच्या पैशाचे तर आहेच. उताराला आडवी मशागत करा, बांध नीट ठेवा, तळ्याच्या कडेचा दहा-पंधरा फुटांचा पट्टा नांगरू नका, तिथे गवत राहू द्या. गवत माती अडवते आणि वैरणही देते.

तळ्यातला गाळ काढणे हा सर्वांत चांगला उपाय. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेकडे आपण साठवण वाढवण्याची योजना म्हणून बघतो. पण गाळाबरोबर वर्षानुवर्षे साठलेला स्फुरदही बाहेर पडतो. तळ्यात जे शेवाळाचे अन्न, तेच रानात पिकाचे. एकाच ट्रॉलीत दोन कामे.

आता ग्रामपंचायतीकडे वळतो, आणि इथे माझे मत थोडे कडू लागेल. तळ्याचा ठेका देताना पंचायत किंवा संबंधित खाते रक्कम घेते. संस्थेचे सभासद उधार-उसनवार करून बोटुकली आणतात. आणि त्याच तळ्यात गावाची गटार सोडलेली असते. म्हणजे दुकान भाड्याने द्यायचे आणि त्यातच उकिरडा टाकायचा, असा हा व्यवहार झाला. ज्याच्याकडून भाडे घेतले त्याला निदान पाणी तरी पाणी म्हणून द्यायला हवे. माझी सूचना अशी की ठेक्याच्या रकमेतला ठरावीक हिस्सा त्याच तळ्याच्या पाण्यावर खर्च करण्याचा ठराव ग्रामसभेने करावा, आणि गटार तळ्यात सोडणार नाही, हे ठेक्याच्या करारात लिहावे. संस्थेनेही दर हेक्टरी ठरलेल्यापेक्षा जास्त बोटुकली सोडणार नाही आणि हिरव्या पाण्यात शेण टाकणार नाही, हे लिहून द्यावे. दोघांची सही एका कागदावर.

“निधी कुठे आहे?” हे उत्तर मला नेहमी ऐकायला मिळते. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी गावांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छता याच कामांसाठी बांधून दिला होता. त्यातून काही गावांनी सांडपाण्याची कामे केली, काहींनी गटारीचे तोंड नुसते सिमेंटने बांधून ते तळ्यातच सोडले. बंदिस्त गटार झाली असा फलक लागला, पण पाणी गेले कुठे हे कुणी विचारले नाही. खरे तर घरटी शोषखड्डा हा स्वस्त उपाय आहे. नांदेड जिल्ह्यात जादूचे शोषखड्डे करून सांडपाणी घरापाशीच जिरवण्याचे काम झाले, ते आपण करू शकतो. जिथे जमीन पाणी जिरवत नाही तिथे तळ्याच्या आधी एक उथळ खड्डा करून त्यात केळी, कर्दळ, लव्हाळा लावावा आणि सांडपाणी त्यातून फिरवावे. आणि पोळा, गणपतीनंतर तळ्यात पडणाऱ्या कचऱ्याचाही विचार करावा.

कुणी म्हणेल, “उजनीत शहराची घाण येते तिथं कुणी काही करत नाही, मग आमच्या गावच्या गटारीवर बोट का?” शहरांना जाब विचारलाच पाहिजे, आणि तो विचारण्याचा पहिला हक्क खालच्या अंगाच्या लोकांचा आहे. पण जाब विचारणाऱ्याचे स्वतःचे अंगण स्वच्छ असावे लागते. पुण्याचा नाला बंद करणे तुमच्या-माझ्या हातात नाही. गावची गटार तळ्यात जाण्यापासून वळवणे मात्र एका ग्रामसभेच्या हातात आहे.

तेव्हा या उन्हाळ्यात एवढे करा. आठवड्यातून एकदा दुपारी तळ्यात हात बुडवून पाहा आणि वहीत लिहा, तळहात कुठवर दिसला. संस्थेच्या माणसाने एक वही ठेवावी, शाळेतल्या वरच्या वर्गाच्या मुलांना हे काम दिले तर ती आनंदाने करतील. मार्चपासून मेपर्यंत आठवड्याला एक ओळ. तळहात दिसेनासा झाला की खत-शेण बंद, खाद्य निम्मे, पंप तयार. आणि एवढे करूनही मासे मेले, तर कुणाचे नाव घेण्याआधी पाणी बघा, मरळ जिवंत आहे का बघा, गटार कुठे जाते ते बघा. शेजाऱ्यावर आळ घालणे सोपे असते, तळ्याच्या वरच्या अंगाला चालत जाऊन बघणे थोडे कष्टाचे. पण खरे उत्तर बहुतेक वेळा त्या वरच्या अंगालाच सापडते.